कादंबऱ्या मोजणारे साडू

शहापूर-मुरबाडकडे इंग्रजी कादंबऱ्या वाचणारे थोडेबहुत सापडतील. पण कादंबऱ्या मोजणारा माणूस त्रिभुवनात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. राहतात किन्हवलीला, शिकवतात शहापूरच्या एका कॉलेजात इंग्रजी. जुनी पुस्तकं इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, संगणकात घालायची आणि कुठला शब्द किती वेळा आला ते काढायचं, हे त्यांचं संशोधन. नायिका मेली की आपण हळहळतो, साडू म्हणतात, "मरण्याआधी एकोणतीस वेळा हसलीय, बघा तपासून." लिहिणाऱ्याची लकब त्याच्या बारीकसारीक शब्दांत पकडता येते, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मी लिहिला असं मी चारचौघांत सांगून बसलो होतो. या गृहस्थांनी तो माझ्या जुन्या पत्रांशी ताडून पाहिला आणि भर पंगतीत जाहीर केलं, "हा मजकूर तुमचा नव्हे, ताईंचा." खरं होतं, तो माझ्या बायकोने लिहून दिला होता. पुढची जिलबी मला गोड लागली नाही.

त्यांच्या हाताखाली डोळखांबकडच्या पाड्यावरची एक मुलगी शेवटच्या वर्षाला होती. जुन्या कादंबऱ्यांतली जेवणं तिने संगणकावर शोधून काढली आणि प्रकल्पात लिहिलं, की मोठ्या घरांतली नोकरमाणसं वाढताना दिसतात, जेवताना कधीच दिसत नाहीत. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हे हिचं नाही, यंत्राकडून लिहून घेतलंय." प्रकल्प रद्द झाला तर पदवी अडणार, आणि मुंबईला एम.ए.ला मिळालेली जागाही जाणार. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. साडू मात्र एकदम खुशीत आले. "लकब खोटं बोलत नाही!" असं म्हणून त्यांनी तिच्या तीन वर्षांच्या वह्या मागवल्या आणि चार दिवस जागचे न हलता टंकून काढल्या. चहा पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

प्राचार्यांच्या खोलीत सुनावणी झाली. कागदांचा गठ्ठा उचलायला मी होतोच. साडूंनी तक्ते मांडले, आलेख मांडले. पण संगणकाचा कौल गुळमुळीत निघाला. प्रकल्पातली लकब मुलीची असेल, नसेलही. साडूंचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. परीक्षक कंटाळून मूळ वह्या चाळत बसले आणि एकाएकी थांबले. "हे काय गं? प्रत्येक यादीत पहिल्या मुद्द्याला इंग्रजी अक्षरांत 'लाभ', आणि पुढे सरळ दोन, तीन? प्रकल्पातही तेच आहे!"

"सर, भात मोजताना पयल्या मापाला आमी एक नाय म्हनत," ती चाचरत म्हणाली. "लाभ म्हनतो. हाताला सवय झालीय."

परीक्षक खो खो हसले. "हे कुठल्या यंत्राला सुचणार!" त्यांनी तिथल्या तिथे सही केली. मुलीने साडूंच्या पाया पडून थेट एसटी स्टँड गाठलं, घरी सांगायला. आणि संगणकाला हे का दिसलं नाही? टंकताना साडूंनी चूक समजून प्रत्येक 'लाभ' खोडून तिथे एक घातला होता.

मी त्यावरून त्यांची महिनाभर यथेच्छ खेचली. परवा किन्हवलीला गेलो, तेव्हा ती मुंबईला निघून गेली होती आणि साडू तिच्या राहिलेल्या वह्या पुढ्यात घेऊन बसले होते.

"तीन वर्षं," ते म्हणाले, "त्या शब्दावर लाल रेघ मारून मी दर वेळी अर्धा गुण कापला. एकदाही विचारलं नाही, पोरी, हे काय लिहितेस म्हणून."

किती वेळा, तो आकडा त्यांनी सांगितला नाही. मला त्यांची फार माया वाटली.