मोटारीच्या आवाजाआड

आमच्या घरात अभ्यास म्हणजे दादाचा आवाज. तो गच्चीवर येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं पाठ करायचा, तेव्हा खाली टीव्ही बंद व्हायचा आणि आई मिक्सरसुद्धा लावायची नाही. मी मात्र ओठ मिटून वाचायचे. माझा आवाज आला की कुणाला तरी माझी आठवण व्हायची, आणि आठवण झाली की चहा टाकायचं फर्मान सुटायचं. नाशिकला कॉलेजात गेल्यावर पाहिलं तर बहुतेक मैत्रिणींचं असंच. मुलं कॅन्टीनमध्ये हातवारे करत एकमेकांना प्रश्न विचारायची, आम्ही एसटीत पुस्तकात डोकं खुपसून गप्प.

लेखी परीक्षेत हे खपून गेलं. फार्मसीच्या पहिल्या तोंडी परीक्षेत मात्र उत्तर डोळ्यांसमोर दिसत असूनही तोंडातून शब्द फुटेना. त्या शांत खोलीत स्वतःचा आवाज ऐकू येईल, याचीच मला धास्ती वाटली. परीक्षक म्हणाले, "अभ्यास करून यायचं असतं, बाळा." मी नापास झाले. वडील म्हणाले, "फेरपरीक्षेला पास झाली तर ठीक. नायतर चांगली स्थळं येऊन राहिलीत." ते चिडले नव्हते, म्हणून तर जास्त भीती वाटली.

आमची द्राक्षबाग दिंडोरीकडे. विहिरीवरची जुनी मोटार लावली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोटार लावायचं काम मी आपणहून मागून घेतलं. ती धडधडायला लागली की कठड्याशी उभी राहून ओरडून उत्तरं म्हणायचे.

एकदा भर उत्तरात लाईट गेली. मोटार थांबली आणि "मात्रा जास्त झाली तर यकृताला इजा होते" हे माझे शब्द अख्ख्या बागेवरून गेले. घडांतले मणी विरळायला आलेल्या बायका वळून बघायला लागल्या. वडील बांधावर होते. "कोनाशी बोलती गं?" त्यांनी विचारलं. "कुणाशी नाही," म्हटलं आणि उरलेलं उत्तर गिळलं.

फेरपरीक्षेच्या खोलीत पंखा खडखडत होता. त्याचाच काय तो आधार. प्रश्न आला, तापाच्या औषधाची मात्रा जास्त झाली तर काय होतं? मी तोंड उघडलं आणि परीक्षकबाई म्हणाल्या, "पंखा बंद करा, हिचं काही ऐकू येत नाही." पाती मंदावत थांबली. उठून पळावंसं वाटलं, पण बाहेर ती स्थळं उभी होती. मग विहिरीवर गिळलेलं तेच उत्तर मी थरथरत का होईना, शेवटपर्यंत म्हटलं.

पास झाले. आई शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "हिला कधी अभ्यास करताना पाह्यलंच नाय, तरी पास झाली." मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगायचं तर रागच आला.

पुढच्या वर्षीची तोंडी परीक्षा जवळ आली तेव्हा मी पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. वडील बातम्या बघत होते. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मीही वाढवला.