पडण्याची तालीम

माझ्या थोरल्या साडूंबरोबर सहलीला निघालेल्या माणसाला आजवर साधं खरचटलेलंही नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे: त्यांच्याबरोबर निघालेला माणूस कुठे पोचतच नाही. गेल्या जानेवारीपर्यंत तरी हा नियम अबाधित होता. साडू डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. तीस वर्षं त्यांनी लोकांना हेल्मेट घालायला लावलं, भोंगा वाजवून मैदानात जमवलं, डोकी मोजली आणि परत कामाला पाठवलं. काम कारखान्यात ठेवून घरी येण्याची कला मात्र त्यांना साधली नाही. कल्याणला आमच्याकडे जेवायला आले की आधी स्वयंपाकघरात शिरून गॅसचं बटण बघतात, मग माझ्या बायकोला ‘कशी आहेस’ विचारतात. लग्नाच्या हॉलमध्ये त्यांना नवरा-नवरीच्या आधी बाहेर पडायची दारं दिसतात. माझ्याच लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, त्यांनी भटजींना हळूच विचारलेलं, "होमाजवळ वाळूची बादली ठेवलीय ना?" ठेवलेली नव्हती. ती येईपर्यंत मंगलाष्टकं थांबली, आणि मी हार हातात घेऊन ताटकळत उभा राहिलो.

तर अशा माणसाने सात वर्षांपूर्वी एका रविवारी, आमटी-भात कालवता कालवता जाहीर केलं की आपण दोन्ही घरांनी मिळून हिमालयात स्कीइंगला जायचं. मला ठसकाच लागला. पण यामागे ताई होत्या. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या शाळेत असताना घरी वाण्याकडचं एक कॅलेंडर होतं, त्यावर लाल स्वेटर घातलेली एक बाई बर्फावरून घसरत खाली येत होती. वर्ष संपलं तरी ताईंनी तो कागद फाडू दिला नाही, लग्न होईपर्यंत वह्यांच्या खाली जपून ठेवला. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे त्यांनी हट्टाने मागितलेली गोष्ट एकच: एकदा बर्फावरून तसं खाली यायचं. साडू ‘हो’ म्हणाले त्याच आठवड्यात त्या ठाण्याला जाऊन लाल स्वेटर घेऊन आल्या, आणि साडू कोपऱ्यावरच्या दुकानातून एक निळी फाईल घेऊन आले. पुढची सात वर्षं स्वेटर डांबराच्या गोळ्यांत राहिला आणि फाईल वाढत गेली.

त्या फाईलबद्दल मी चांगलं बोलावं अशी कुणी अपेक्षा करू नये. तिच्यात ‘जाणे’ या विषयावर दीड पान होतं आणि ‘पडणे’ या विषयावर बावीस. डावीकडे पडणे, उजवीकडे पडणे, पडलेल्या माणसावर दुसऱ्याने पडणे. त्यांची मुलगी तेव्हा आठवीत होती, तिला स्की नको होत्या, स्नोबोर्ड हवा होता. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून डोंगरावरून उतरायचं, ही कल्पना ऐकून साडू तीन दिवस गप्प होते. चौथ्या दिवशी त्यांनी स्नोबोर्डसाठी वेगळी पुरवणी जोडली, ती पिवळ्या कागदावर. आणि मग सुरू झाल्या तालमी. सोसायटीच्या गच्चीवर चार गाद्या टाकून आम्ही दर रविवारी पडायचो. साडू शिट्टी वाजवायचे, आम्ही हात छातीशी घेऊन कुल्ल्यावर कोसळायचो. समोरच्या बिल्डिंगमधले लोक चहाचे कप घेऊन कठड्याला येऊन बसायचे. पलंगाच्या फळ्या सुतळीने बुटांना बांधून चालायचो तेव्हा साडूंचा एक नियम फार कडक असे: उलटं चालायचं असेल तर मागे एक माणूस उभा पाहिजे. "मागे डोळे नसतात," ते म्हणायचे, "मागे माणूस लागतो." हे वाक्य त्यांनी कारखान्यातही भिंतीवर लावलेलं होतं. स्वतः मात्र ते एकदाही पडले नाहीत. शिट्टी वाजवणारा पडत नसतो, असं त्यांचं म्हणणं.

थंडीची तालीम तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. कल्याणला त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचा बर्फाचा कारखाना आहे. तिथे लाद्यांच्या खोलीत, माकडटोप्या घालून, आम्ही पाच माणसं वीस मिनिटं उभी राहिलो. साडू दर पाच मिनिटांनी प्रत्येकाच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून बघत होते. तो बर्फ मासळीवाल्यांकडे जायचा हे आम्हाला बाहेर पडल्यावर कळलं, म्हणजे आमच्याच अंगाला लागलेल्या वासावरून. परतताना रिक्षावाला म्हणाला, "साहेब, बाजार नका मांडू सीटवर." आणि एवढं करून त्या वर्षी जाणं रद्द झालं, कारण वर बर्फ कमी पडलेला. दगड लागतील म्हणे. त्याच्या पुढल्या वर्षी भरपूर पडला, तेव्हा रस्ते बंद होतील म्हणून रद्द. एका वर्षी मुलीची दहावी, एका वर्षी साडूंच्या कारखान्यात तपासणी. मधली दोन वर्षं जगच घरात बसलं, तेवढी मात्र त्यांच्या खात्यात धरत नाही. मुलगी एकदा शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचं फायनल होईपर्यंत हिमालय वितळेल." साडूंनी ते खरोखरच लिहून घेतलं.

सगळ्या तालमींतून ताईंना एकच आवडलेली, ती खडवलीची. पावसाळा सरताना साडूंनी तिथे नदीकाठी ओल्या गवताचा एक उतार हेरला होता. उतारावर नुसतं उभं राहून तोल सांभाळायचा, असं फाईलीत होतं. ताईंनी तिथेच पडलेलं एक गोणपाट उचललं, त्यावर बसल्या आणि कुणाला कळायच्या आत थेट खालपर्यंत गेल्या. साडू शिट्टी वाजवत राहिले. ताई खाली चिखलात बसून इतक्या हसत होत्या की माझी बायको, त्यांची सख्खी बहीण, मला म्हणाली, "अरे, हिला मी असं कधी हसताना पाहिलेलंच नाही." हे पहिल्या वर्षीचं. तेव्हा ताईंचे गुडघे धडधाकट होते.

गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून दाखवले. वर्षाच्या आत ऑपरेशन, तोवर घसरणं, वळणं, उकिडवं बसणं बंद. त्या संध्याकाळी आम्ही डोंबिवलीला गेलो तर साडू टेबलाशी फाईल घेऊन बसलेले. मला म्हणाले, "ऑपरेशननंतरच्या वर्षाचं बघतोय. नवीन गुडघ्यांना चालेल का ते विचारून घेऊ." माझं डोकंच फिरलं. साडूंशी कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी चढवला. म्हटलं, "साडूभाऊ, बावीस पानं लिहिलीत तुम्ही पडण्यावर. त्यात ताईंचे गुडघे कितव्या पानावर आहेत? जगातला एकूण एक धोका तुम्हाला दिसला, हा एक तेवढा दिसला नाही? सात वर्षं तुम्ही त्यांना सांभाळत नव्हता, अडवत होता." बायकोने माझा हात दाबला. ताई आत कुकर लावत होत्या, त्यांनी ऐकलं असणारच. साडूंनी फाईल मिटली, तिची नाडी नीट बांधली आणि म्हणाले, "जेवून जा." मी जेवून निघालो.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "जानेवारीत मनालीला जातोय. तिकिटं काढलीत." मी विचारलं, फाईलीचं काय? म्हणाले, "माळ्यावर टाकली." पहिल्यांदाच कसलीही तालीम न करता हा माणूस घराबाहेर पडला, आणि त्याचे परिणाम दिसले. स्वतःचे हातमोजे घरी विसरले. मनालीच्या वर, सोलांगच्या उतारावर, ते हातांत मुलीचे जुने लोकरी मोजे, पायातले, घालून उभे होते. आम्ही बाकीचे मात्र इतके पद्धतशीर पडलो की शिकवणारा पहाडी माणूस थक्क झाला. "आप लोग गिरते बहुत अच्छा हो," तो म्हणाला, "पर खड़े कब होंगे?" मुलगी अकरा वेळा पडली आणि बाराव्यांदा बोर्डवरून जी निघाली ती पार खाली. साडूंनी डोळे मिटून घेतलेले.

ताई लाल स्वेटर घालून खुर्चीवर बसल्या होत्या. स्वेटराला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. दुपारी त्या म्हणाल्या, "मला नुसतं उभं राहायचंय. स्की घालून. सपाटीवर." बर्फात गुडघे टेकून साडूंनी ताईंच्या पायांत ते जड बूट चढवले, एकेक कडी लावली, दोनदा ओढून बघितली. मग ताईंचे दोन्ही हात धरून ते उलटे चालायला लागले. एक पाऊल, दोन पावलं, ताई त्यांच्यासमोर घसरत येताहेत, स्वेटर उन्हात लालभडक, आणि साडू ताईंच्या तोंडाकडे बघताहेत. त्यांच्या मागे कुणीही उभं नव्हतं. माझ्या ते लक्षात येईपर्यंत दहावं पाऊल पडलं, हात सुटले आणि साडू पाठीवर आडवे झाले. हात पसरून, पाय वर, बावीस पानांतला एकही नियम न पाळता. ताई मात्र उभ्या होत्या.

आम्ही सगळे हसलो, ताई सगळ्यांत जास्त. मग त्या खालच्या उताराकडे बघत राहिल्या. "खडवलीला कशी गेले होते ना मी," त्या म्हणाल्या. "तेव्हा आलो असतो तर इथूनही गेले असते." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला ऐकवलं नाही. साडू अजून तसेच आडवे होते. सात वर्षं मी त्यांच्या तोंडून कारणं ऐकली होती. ते आकाशाकडे बघत नुसतं "हो" म्हणाले.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. गुडघे बसताहेत हळूहळू. स्कीचं नाव आता कुणी काढत नाही, लाल स्वेटर पुन्हा डांबराच्या गोळ्यांत गेलाय. साडू पहिल्या मजल्यावर राहतात, खाली यायला अठरा पायऱ्या आहेत, आणि रोज संध्याकाळी सहाला दोघं त्या उतरतात. साडू पुढे, उलटे, ताईंचे दोन्ही हात धरून. परवा मी गेलो तेव्हा ते तेराव्या पायरीवर पोचलेले. मी खाली दाराशीच होतो. चपला काढल्या, चार पायऱ्या चढलो आणि साडूंच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी वळून पाहिलं नाही. "आलात का," म्हणाले, आणि पुढची पायरी उतरले.