मांडवात आईचं नाव

हळदीच्या रात्रीचा डीजे काकीनंच बंद करायला लावला. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. उरणकडच्या आमच्या घरात तिच्यावाचून पान हलत नाही. लग्न माझ्या भावाच्या मुलाचं होतं. डीजे थांबला आणि धवलारीण गायला बसली. आमच्यात लग्नाची गाणी ती म्हणते आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावानिशी हळदीला बोलावते. ज्याचं नाव आलं नाही ते माणूस या घरचं नव्हतंच, असा त्याचा सरळ अर्थ.

माझ्या आईचं नाव कधीच आलं नाही. ती पाटाची, म्हणजे पहिला नवरा गेल्यावर वडिलांशी दुसरं लग्न लागलेली. जन्मभर मिठागरात राबली, पण काकीनं तिला हळदीच्या ताटाला कधी हात लावू दिला नाही. काकीचा मला राग येतो. आई गेली तरी तो कमी झाला नाही, उलट वाढलाच.

आईच्या आधीच्या आयुष्याचा विषय घरात कुणी काढायचंच नाही. म्हणून या लग्नाआधी मी तिच्या माहेरी जाऊन आले. मिठागरं बुजवून तिथे आता कंटेनर रचलेत. मामी मात्र ओटीवर होती. आईचे आईबाप दोघंही मीठ ओढणारे, तिचा पहिला नवरा वर्षभरातच तापानं गेला, हे सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "तुजे आयशीला त्या घरान कोनी नेली, म्हायीत हाय? तुजे आजीनी. ती पन आमचेच गावची. आन ती पन पाटाचीच."

आजी, म्हणजे काकीची सासू! गाण्यात जिचं नाव सगळ्यांत आधी येतं ती.

त्या रात्रीही तसंच झालं. आधी आजी आली, मग काका, मग वडील. बायका मागून ओळ उचलत होत्या.

"आता माजे आयशीला बोलवा," मी म्हटलं.

"पाटाची हाय ती," काकी म्हणाली. "तिचा नाव मांडवान नको."

भाऊ मिठाची गुळणी धरून उभा. नवरदेवाचा बाप हा, आणि स्वतःच्या आईसाठी तोंडातून शब्द नाही. त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं.

"मंग आजीला पन उठव मांडवातून. ती पन पाटाचीच हाय!"

काकी जराही हलली नाही.

"म्हायीत हाय मना," ती म्हणाली. "एक झाकली. दुसरी कशी झाकू?"

म्हणजे हिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरीही ती आईला ताटापासून हाकलत राहिली. मेली.

धवलारणीनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि आईचं नाव घेतलं. मागे ओळ उचलायला एकही बाई तोंड उघडेना. मग मीच उचलली, एकटीनं, काकीच्या तोंडासमोर उभी राहून, नरडं फाटेस्तोवर.