अंगाऱ्याची पुडी

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस अडले होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मैत्रिणींना ही अंधश्रद्धा वाटेल, अशी भीती होती.

लहानपणी दर मंगळवारी आई मला चाकणजवळच्या टेकडीवरच्या देवीला न्यायची. बीडकडचं गाव सोडून आल्यावर तिला इथं ओळखीची अशी ती देवीच. आई भरभर चढायची आणि वर पोचून माझी वाट बघत हसायची. मग कपाळाला अंगारा, चिमूटभर जिभेवर. उतरताना खाली कंपन्यांचे दिवे लागत जायचे. ते दिवस आठवले की अजून तोंडात अंगाऱ्याची चव येते.

पुढं आईला साखर निघाली. गेल्या वर्षी तर जिना चढतानाही धाप लागायला लागली. साखरेमुळेच, असं आम्ही सगळे म्हणायचो. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली आली की ती जेवण आणखी कमी करायची, तरी आकडा उतरेना. भक्ती मात्र वाढली, असं आम्हाला वाटलं. अंगाऱ्याची पुडी आता दोन दिवसही पुरत नव्हती.

एका मंगळवारी ती निम्म्या पायऱ्यांवरच बसली. ओठ पांढरे पडले होते. मी घाबरून देवीला म्हटलं, आता तूच बघ. वरून उतरणाऱ्या एक आजी थांबल्या, पाणी दिलं. आईनं कमरेची पुडी काढून सगळी तोंडात रिकामी केली.

"समदा तूच संपिवला, तर बाकीच्यांनी कपाळाला काय लावायचं?" आजी म्हणाल्या.

आई लाजली. "खाऊच वाटतंय हो. ओल्या मातीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटतंय."

आजींचं हसू गेलं. त्यांची सून अशीच माती खायची, तिचं रक्त फार कमी झालं होतं, असं त्यांनी सांगितलं. "देवीला हात जोड, पण आदी रगत तपास, पोरी." आणि त्या उतरून गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तपासणीत लोह अगदीच कमी निघालं. पाळीत खूप रक्त जायचं, ते आईनं वयावर ढकललं होतं. त्यावर इलाज आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोह कमी असलं की तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा कधीकधी जास्त दिसतो, असंही डॉक्टर म्हणाले. आईनं उगाच इतके दिवस पोट मारलं होतं.

आई म्हणते, आजींसमोर पुडी देवीनंच उघडायला लावली. मला ठाऊक नाही. एवढंच कळलं, की देवीवर भार टाकला, तरी तिनं कुणाच्या तोंडून काय सांगितलं ते ऐकायचं काम आपलंच असतं.

परवा आम्ही पुन्हा गेलो. आई वर पोचून माझी वाट बघत होती. तिनं कपाळाला अंगारा लावला, चिमूटभर जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"राखच लागायली गं," ती हसत म्हणाली, आणि उरलेली पुडी माझ्या हातात दिली. ती माझ्या कॉलेजच्या बॅगेत आहे, अजून भरलेली.