निळा पट्टा

ओल्या खडूचा वास आला की दातिवऱ्याच्या बंदरावरचा फळा आठवतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मच्छीमार सोसायटीत उपग्रहाने पाहिलेल्या समुद्राचा नकाशा यायचा, तो मी फळ्यावर काढायचे. हिरवं म्हणजे माशांना खाणं असलेलं पाणी, निळं म्हणजे उपाशी. माझा बाप तांडेल, होडीचा प्रमुख. मासळीची जागा फक्त मुलग्याला सांगायची, ही आमच्यातली रीत. एक दिवस त्याने सगळ्यांसमोर एकच निळा पट्टा पुसला, तेव्हा मला कळलं, आमची गुप्त जागा ती, आणि नकाशाने तीच उपाशी दाखवली होती. "पोरीच्या जातीनं दर्या दावायचा नाय!" तो ओरडला. "तू मला कदी दावलाच नाय," मी म्हणाले, "वरच्या यंत्रानं दावला. त्यानं इचारलं नाय, मी पोरगी हाय का पोरगा." आणि तोच पट्टा मी त्याच्यादेखत पुन्हा भरला, आधीपेक्षा गडद. आजही भरेन.