विलायतेतली पहिली आंघोळ

माणूस विलायतेला गेला की सुधारतो, असं आमच्या सोलापुरात त्या काळी सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी एकानेही दुधनीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं, हा भाग वेगळा. मी गेलो, राहिलो, परत आलो. सुधारणेचं म्हणाल तर आमची तिथली पहिली दिवाळी तेवढी सांगतो, मग तुम्हीच काय ते ठरवा.

मी गेलो होतो कापड शिकायला. हसू नका. जन्म सोलापुरातला, गिरणीच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, आणि पुन्हा कापडच शिकायला सातासमुद्रापलीकडे जायचं! वडील म्हणाले, "यंत्रं त्यांची, तेव्हा विद्याही त्यांच्याकडूनच घ्यावी." घेतली. गावात उतरून पाहतो तो तीच धुराडी, तेच भोंगे, तेच तुसांनी खोकणारे कामगार. फरक एवढाच की आमच्याकडे धुरामागे ऊन असतं, तिथे धुरामागे आणखी धूर होता.

बोटीवर मला एक सोबती मिळाला. दुधनीकडचा. डॉक्टर व्हायला निघालेला, म्हणून मी त्याला पहिल्या दिवसापासून डॉक्टरच म्हणायचो. घरी कानडी, दारी मराठी, आणि घाबरला की दोन्ही एकदम. दिवसभर कॉलेजात मुडदे चिरायचा, त्याचं त्याला काही नव्हतं. पण शुक्रवारी नखं काढली तर घरात कटकट होते, हे मात्र तो शपथेवर सांगायचा. असल्या माणसाबरोबर मला खोली घ्यावी लागली.

आणि खोली मिळता मिळेना. दारावर 'खोली भाड्याने' अशी पाटी असायची. आम्ही घंटी वाजवायची, बाईने दार उघडायचं, आमच्या काळ्या तोंडांकडे बघायचं आणि म्हणायचं, "अरेरे, आत्ताच गेली हो." पुढच्या आठवड्यात जावं तर पाटी तिथेच. पावसात भिजत गल्ल्यागल्ल्यांतून हिंडलो. डॉक्टर तर एकदा रस्त्यातच बसला आणि म्हणाला, "गड्या, आपण परत जाऊ. मी दुधनीत कंपौंडर होतो." शेवटी एका विधवा बाईंनी दार उघडलं, आम्हाला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पाय पुसा." त्यांनी आम्हाला आत घेतलं! मी त्यांना तिथल्या तिथे लोटांगण घातलं असतं, पण पाय पुसायचे होते.

बाईंचे नियम कडक. आंघोळ शनिवारी. सकाळी सहाच्या आत जिन्यावर पाऊल नाही. स्वयंपाकाचा वास नाही. एक जरी तक्रार झाली तरी ट्रंका रस्त्यावर. बोलायला बाई फटकळ नव्हत्या, उलट फार थोडं बोलायच्या, आणि म्हणूनच आम्ही त्यांना टरकून असायचो. आमच्याकडे रागावलेलं माणूस ओरडतं, भांडी आपटतं, मग जेवायला वाढतं. हे थंड प्रकरण आम्हाला झेपत नव्हतं. पण हिवाळा तोंडावर आलेला, आणि त्या गावात दुसरं दार आमच्यासाठी उघडणार नव्हतं. हे दार गेलं की शिक्षण गेलं, असा सरळ हिशेब होता.

अशात दिवाळी आली. नरकचतुर्दशी आली ती नेमकी मंगळवारी.

मी म्हटलं, शनिवारी आंघोळ करू आणि तीच दिवाळीची समजू. डॉक्टरने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू गाय मारली.

"आईला वचन दिलंय मी. सगळं सोड म्हनली, शेंडी सोड म्हनली, पन पहिली आंघोळ चुकवू नको म्हनली. सूर्य उगवायच्या आत. न्हाय तर नरकात जातो मानूस."

"तू डॉक्टर होणार आहेस ना रे?"

"म्हून तर! मेलेले लोक रोज बगतो मी."

त्यात माझ्या आईने ट्रंकेच्या तळाशी उटण्याचा डबा आणि खोबरेलाची बाटली ठेवली होती, हे मी याला बोटीवरच बोलून बसलो होतो. आता कुठला सुटतोय! तरी मी एक डाव टाकून पाहिला. म्हटलं, इथे उजाडेल तेव्हा दुधनीत टळटळीत दुपार असेल, म्हणजे तुझ्या आईच्या हिशेबाने तू नरकात पोचलेलाच आहेस, मग उगाच भिजतोस कशाला? तो बिचारा रात्रभर तळमळला. सकाळी मलाच दया आली. मी निकाल दिला की माणूस राहतो तिथला सूर्य धरायचा, आणि इथला सूर्य तर पंधरा दिवसांत कुणाला दिसलेला नाही, तेव्हा उशीर व्हायची भीतीच नको. त्याचा जीव भांड्यात पडला.

तयारी सुरू झाली. पाट हवा, माझा नक्षी काढायचा फळा घेतला. रांगोळी हवी, दात घासायची पांढरी पूड घेतली. वातीला कापूस मात्र हवा तेवढा होता, माझ्या अभ्यासाचे नमुनेच ते. आता राहिलं कारीट. आपल्याकडे बांधावर कडू कारिटं वाटेल तेवढी. डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, 'गोविंदा गोविंदा' म्हणायचं, नरकासुर मेला. विलायतेत नरकासुर कुठून आणायचा? डॉक्टर मंडईत जाऊन लिंबाएवढे कोबीचे गड्डे घेऊन आला. तिकडे कोबी एवढाच होतो, म्हणजे तसलीही एक जात असते. आम्हाला वाटलं, ठीक आहे, हिरवा आहे, गोल आहे, चवीला वाईट आहे. चालेल.

मंगळवारी सहाचे ठोके पडले आणि आम्ही पंचे गुंडाळून चोरासारखे न्हाणीघरात शिरलो. थंडी अशी की दात वाजत होते. खोबरेलाची बाटली उपडी केली तर एक थेंब पडेना. तेल गोठून दगड झालेलं! डॉक्टरने ती बाटली काखेत धरली आणि किंचाळला. मी त्याचं तोंड दाबलं. शेवटी चमच्याने खरवडून खरवडून ते गोळे एकमेकांच्या पाठीवर चोळले. आई तेल लावायची तेव्हा झोप यायची. इथे एकेका गोळ्यासरशी आम्ही बेडकासारखे उडत होतो.

मग भांडण. डॉक्टर म्हणे कारीट आंघोळीआधी, मी म्हणे आंघोळीनंतर. "आमच्यात असंच हाय!" "आमच्यात असं नाही!" अर्धनागडे, तेलकट, दबक्या आवाजात तावातावाने भांडलो. तो जिंकला, कारण कोबी त्याच्या हातात होता. ठेवला दाराशी, "गोविंदा!" म्हणून अंगठा दाबला. कोबी फुटतोय कसला! तेलकट पायाखालून सटकला, किलकिल्या दाराच्या फटीतून बाहेर गेला आणि जिन्यावरून टप, टप, टप करत खाली स्वयंपाकघराच्या दारावर जाऊन आपटला. खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई उठलेल्या होत्या.

आम्ही दाराला कान लावला. काही नाही. मी म्हटलं, आता लवकर आटप. पाणी तापवायला गॅसचा बंब होता. मी चावी फिरवली, काडी शोधेपर्यंत गॅस साचला असावा, काडी लावली आणि 'धडाम!' माझ्या भुवया थोडक्यात वाचल्या.

"फटाका झाला!" डॉक्टर हरखून म्हणाला. मी त्याला आईवरून शिवी दिली. सणाच्या दिवशी द्यायची नव्हती, पण दिली.

आता इथे आम्ही जी चूक केली ती सांगतो. न्हाणीघरात चांगला लांबरुंद, पांढरा शुभ्र टब होता. पण टबात, आपल्याच अंगाच्या मळात, म्हशीसारखं बसून राहणं आम्हाला दोघांनाही किळसवाणं वाटायचं. शनिवारीसुद्धा आम्ही टबात उभे राहून तांब्याने अंगावर घेत असू. आज तर पाट हवा, भोवती रांगोळी हवी. तेव्हा फळा मांडला तो टबाशेजारी, जमिनीवर. डॉक्टर मांडी घालून बसला. मी उटणं फासलं. नागरमोथ्याचा, कचोऱ्याचा वास सुटला. घर आठवलं हो. मग मी बादली भरली आणि तांब्यावर तांब्या त्याच्या डोक्यावर ओतत सुटलो. भडभडा ओतलं. आपल्याकडे पाणी मोरीला जातं, मोरीतून गटाराला. जन्मभर पाणी ओतलं की ते जातं, एवढंच ठाऊक. इथे जमिनीला मोरीच नव्हती. खाली लाकडी तक्ते, तक्त्यांखाली स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात बाईंचा चहा.

दाताच्या पुडीची रांगोळी माझ्या पायावरून वाहून गेली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "डॉक्टर, पाणी जातंय कुठं रे?"

"जाईल की कुटं तरी," तो डोळे मिटून म्हणाला. "ओत तू. आनि ओवाळनीचं बग. बाईमानसानं ओवाळायला पायजे."

"मीच ओवाळतो."

"तू काय बाई हाईस व्हय?"

तेवढ्यात जिना वाजला. दार उघडलं. दारात बाई. केसांना कागदाच्या गुंडाळ्या, एका हातात जिन्यातल्या अंधारासाठी मेणबत्ती, दुसऱ्या हातात चहाचा कप. कपात वरपर्यंत आमचं पाणी होतं, आणि त्यावर उटणं तरंगत होतं.

संपलं, मी म्हटलं. ट्रंका, रस्ता, बोट, सोलापूर. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आणि आमच्या डॉक्टरने काय करावं? त्याने डोळे उघडले, पिवळ्याधमक तोंडाने बाईंकडे पाहिलं, हातातली मेणबत्ती पाहिली, आणि असा फुलला म्हणून सांगू! ताठ बसला, हात जोडले, मान खाली घातली आणि वाट बघत राहिला.

"हा काय करतोय?" बाईंनी मला विचारलं.

काय सांगणार, कपाळ? खोटं सुचेना म्हणून खरं सांगितलं. म्हटलं, बाई, आज आमचा सण. आजच्या दिवशी आई तेल लावते, न्हाऊ घालते आणि दिवा ओवाळते. आई इथे नाही. तुमच्या हातात दिवा आहे, म्हणून हा थांबलाय.

बाईंनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा डॉक्टरकडे. खाली पाणी टपकत होतं. मग त्यांनी कप खिडकीत ठेवला.

"कसा ओवाळायचा?"

मी हाताने दाखवलं. बाईंनी पदर नसलेल्या त्या गाऊनचा घोळ एका हाताने वर धरला, चिखलातून चालावं तशा पुढे आल्या, आणि तोंड अगदी गंभीर ठेवून मेणबत्ती डॉक्टरच्या तोंडाभोवती फिरवली. एकदा उलटी फिरवली, मी म्हटलं उजवीकडून, तेव्हा पुन्हा नीट फिरवली. मेणाचा थेंब डॉक्टरच्या खांद्यावर पडला. तो हूं की चूं न करता बसला होता.

"झालं?"

"झालं."

"मग तुमची आई आता काय करते?"

मी विचार न करता बोलून गेलो, "आता ती ओरडते. एवढं पाणी सांडल्याबद्दल."

"बरं," बाई म्हणाल्या. मेणबत्ती टबाच्या कडेवर ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाल्या.

अगागा! इतके दिवस तोंड शिवलेली ती बाई, तिने आमची अशी काही हजेरी घेतली! चहा, छत, बंब, जिन्यातला कोबी, टेबलावरचं मेणकापड, लाज, अक्कल, सगळं काढलं. त्यांच्या गावंढळ इंग्रजीतलं निम्मं मला कळलं नाही, पण चाल ओळखीची होती. दिवाळीच्या पहाटे आमच्या घरात हीच चाल चालायची. दोन महिने आम्ही त्या मुलखात सभ्य लोकांचे सभ्य नकार ऐकले होते. आमच्यावर ओरडावं एवढे आम्ही कुणाचे लागतच नव्हतो. इथे कुणीतरी पहिल्यांदा पोटभर ओरडत होतं, आणि डॉक्टर कीर्तनाला बसल्यासारखा मान डोलवत ऐकत होता.

शेवटी बाईंचा श्वास संपला. कप उचलला, दारातून वळल्या.

"कोरडं ठाक झालं पाहिजे सगळं. आणि पुढच्या वर्षी हा तमाशा मागच्या अंगणात करायचा."

त्या खाली गेल्या. मी फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलो. डॉक्टर पाटावरून हलेना.

"ऊठ की, पूस."

"पुढच्या वर्षी म्हनली रं."

"ऐकलं मी."

"म्हंजे ठिवलं की आपल्याला!"

मी त्याच्याकडे पाठ केली आणि फडकं पिळत बसलो. मला रडू येत होतं, आणि ते त्या गड्याला दिसलं असतं तर त्याने दुधनीपासून सोलापुरापर्यंत सांगत सुटायला कमी केलं नसतं.