बर्फातली नळी आणि करीमचाचांची रजई

करीमचाचांच्या रक्ताची नळी तिरपी केली, तर आत सगळे गोळेच गोळे. आमच्या रक्तपेढीतली एकही पिशवी जुळेना. हिमोग्लोबिन चारवर, आणि दवाखान्यातून डॉक्टरांचा तिसरा फोन.

"मॅडम, रक्त देताय की नाही? पेशंट हातचा जाईल!"

चाचा मारेगावचे, रजया शिवणारे. यवतमाळच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात भरती होते. नळी त्यांची मुलगी शबाना घेऊन आलेली, थर्मासात, बर्फात. आमचाच नियम तो.

"रस्त्यात बरफ दोनदा बदलला, मॅडम," ती अभिमानाने म्हणाली.

नळी हातात धरून मी विचार करत बसले. हाताच्या उबेने पाच-सात मिनिटांत गोळे सुटायला लागले. माझी ट्यूब आत्ता पेटली.

"अब्बाचे बोटं थंडीत निळे पडतात?"

"हौ. रजईत घातले की बरे होतात."

कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन! म्हणजे थंडी लागली की रक्तपेशी एकमेकींना चिकटवणारी अँटिबॉडी. ऊब मिळाली की सोडते. पोरीने जीव लावून आणलेल्या बर्फानेच घोळ केला होता.

"नवी नळी आण. गरम राहिली पाहिजे."

ती पिंजलेल्या कापसात गुंडाळून, काखेत दाबून धावत आली. वॉटरबाथच्या कोमट पाण्यात, सदतीस डिग्रीवर, पिशवीतल्या रक्ताशी क्रॉसमॅच केलं. जुळलं. रक्त कोमट करून हळूहळू चढवलं. चाचा वाचले. मी टेबलाशी बसून रडले, खोटं कशाला सांगू?

पुढे त्यांचं आणि राळेगावच्या सुमनबाईंचं सिरम मोठ्या लॅबला पाठवलं. बाईंनाही हाच आजार. प्रत्येक अँटिबॉडीच्या टोकाला तिची स्वतःची खूण असते, तिला इडिओटाइप म्हणतात. माणूस बदलला की खूण बदलणार, असं मी धरून चालले होते. या दोघांची सारखी निघाली. या आजारात बऱ्याचदा असंच असतं, असं लॅबचे सर म्हणाले.

तपासणीला दोघं एकदमच आले, तेव्हा सांगितलं. चाचा हसले. "म्हणजे बाई, आपला टाका एकच!"

"मंग भाऊ, बहिणीले रजई शिवून देसान की नाही?" सुमनबाईंनी विचारलं.

पुढच्या खेपेला रजई आली, चांगली जाडजूड. "कापसाले यंदा कोणी पुसत नाही, म्हून जास्त भरला," चाचा म्हणाले. माझ्यासाठी बोटभर रजयांची चळत होती, नळ्यांच्या मापाच्या.

रिटायर होईपर्यंत त्या वापरल्या. बर्फाचा नियम चांगलाच आहे. फक्त पेशंटला थंडी सोसते का, हे आधी विचारावं.